बालगृहातून बाहेर पडणाऱ्या युवकांचे अनुरक्षण : कायदा, योजना आणि महाविद्यालयाची भूमिका

प्रस्तावना

कुटुंबात वाढणाऱ्या मुलाच्या आयुष्यात अठरावे वर्ष पूर्ण होणे ही फारशी उलथापालथ करणारी घटना नसते. मतदार यादीत नाव येते, वाहन चालविण्याचा परवाना मिळतो. घर, जेवण आणि शिक्षणाचा खर्च पूर्वीप्रमाणेच चालू राहतो. बालगृहात वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने तो 'बालक' राहत नाही आणि त्याबरोबर त्याचा निवारा, अन्न, वैद्यकीय देखभाल व दैनंदिन मार्गदर्शन यांचा आधारच संपुष्टात येतो. हा दिवस बहुतेक वेळा बारावीच्या वर्षात किंवा पदवीच्या प्रथम वर्षात येतो. ज्या काळात विद्यार्थ्याला सर्वाधिक स्थैर्याची गरज असते, नेमक्या त्याच काळात राहण्याच्या जागेचा शोध त्याच्या वाट्याला येतो.

अशा युवकांसाठी आपल्याकडे काहीच तरतूद नाही, असा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. कायदा आहे, नियम आहेत, अनुदान आहे, महाराष्ट्रात आरक्षणही आहे. प्रश्न आहे तो या तरतुदी आणि त्यांचा हक्कदार युवक यांच्यामधील दुव्याचा. प्रस्तुत लेखात या तरतुदींचे स्वरूप, त्यांतील उणिवा आणि हा दुवा जोडण्यात महाविद्यालयांना घेता येणारा वाटा यांचा विचार केला आहे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

संस्थेतून बाहेर पडल्यानंतर युवकाला दिल्या जाणाऱ्या आर्थिक व अन्य सहाय्याला महाराष्ट्रात 'अनुरक्षण' असे म्हटले जाते आणि त्यासाठीच्या निवासी संस्थेला 'अनुरक्षण गृह' असे नाव आहे. बालकाला संस्थेत न ठेवता दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळण्यासाठी सोपविणे म्हणजे 'प्रतिपालकत्व'. पालकांच्या छत्राला मुकलेल्या किंवा अडचणीतील कुटुंबातील बालकाचा सांभाळ कुटुंबातच व्हावा, यासाठी राज्य शासनाची 'बालसंगोपन योजना' आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेतील मासिक अनुदान २०२३ मध्ये ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यात आले. हे अनुदान वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच मिळते.

ऐतिहासिक संदर्भ

निराधार बालकांच्या संगोपनाची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतले, शिकविले आणि तो डॉक्टर झाला. दत्तक पुत्राचे उदाहरण संस्थेतील प्रत्येक मुलाला लागू करता येणार नाही हे खरे. तथापि त्यातून संगोपनाचे एक माप हाती लागते. मूल स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत आधार द्यावयाचा, हे ते माप होय. विसाव्या शतकात बालकविषयक कायदे झाले, शासकीय व स्वयंसेवी बालगृहांचे जाळे उभे राहिले. परंतु या व्यवस्थेने मोजमापासाठी वयाची तारीख स्वीकारली. सक्षमता हा निकष मागे पडला.

कायदेशीर चौकट

सध्या लागू असलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. त्याच्या कलम २(५) मध्ये अनुरक्षणाची व्याख्या आहे. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या, परंतु एकवीस वर्षे पूर्ण न केलेल्या आणि संस्थात्मक संगोपनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीला समाजाच्या मुख्य प्रवाहात येण्यासाठी दिलेले आर्थिक वा अन्य सहाय्य, असा तिचा आशय आहे. कलम ४६ नुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्या बालकाला आर्थिक सहाय्य देता येते.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम २५ अधिक तपशीलवार आहे. बालक संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकारी किंवा समाजकार्यकर्त्याने त्याच्या पुढील आयुष्याचा आराखडा तयार करून बाल कल्याण समिती अथवा बाल न्याय मंडळासमोर ठेवावयाचा असतो. सहा ते आठ युवकांच्या गटासाठी तात्पुरते सामूहिक निवास, व्यवसाय प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नियमित संपर्क ठेवणारा समुपदेशक, स्वयंरोजगारासाठी कर्ज व अनुदान मिळवून देणे, अशा सेवा या नियमात नमूद आहेत. आवश्यक खर्चाची रक्कम थेट युवकाच्या बँक खात्यात जमा व्हावी, असेही त्यात म्हटले आहे. अपवादात्मक परिस्थितीत हे सहाय्य आणखी दोन वर्षे, म्हणजे तेविसाव्या वर्षापर्यंत वाढविता येते. केंद्र पुरस्कृत 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणासाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने अनाथांचे 'संस्थात्मक' आणि 'संस्थाबाह्य' असे दोन प्रवर्ग ठरविण्यात आले. जुलै २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींसाठी शुल्कमाफीचा जो निर्णय झाला, त्यात या दोन्ही प्रवर्गांतील अनाथ मुलामुलींचाही समावेश आहे. या सवलतींसाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र आवश्यक असते.

तरतुदींतील उणिवा

१) ऐच्छिक स्वरूप : कलम ४६ मधील सहाय्य 'देता येईल' अशा स्वरूपाचे आहे, ते 'दिले पाहिजे' असे कायदा म्हणत नाही. बालक संस्थेत असताना त्याच्या संगोपनाची जबाबदारी शासनावर असते. संस्था सोडताच ती जबाबदारी सवलतीत रूपांतरित होते. त्यामुळे जिल्ह्यातील अधिकारी व समिती किती तत्पर आहेत, यावर युवकाचे भवितव्य अवलंबून राहते.

२) हक्कदारांची मर्यादा : बालगृहातील प्रत्येक मूल अनाथ नसते. अनेकांना आई किंवा वडील असतात, परंतु गरिबी, आजार, व्यसन किंवा कारावास यांमुळे ते मुलाचा सांभाळ करू शकत नाहीत. अशा युवकाला अनुरक्षणाचा लाभ मिळू शकतो, परंतु अनाथ प्रमाणपत्र मिळण्याची शक्यता कमी असते. याउलट प्रतिपालकत्व किंवा बालसंगोपन योजनेखाली कुटुंबात वाढलेला निराधार युवक अनुरक्षणाच्या व्याख्येतच बसत नाही, कारण तीत 'संस्थात्मक संगोपन' ही अट आहे. बालकांना शक्यतो संस्थेत ठेवू नये, कुटुंबात वाढवावे, असे धोरण एकीकडे पुरस्कारिले जाते आणि दुसरीकडे त्या मार्गाने वाढलेल्यांना अठरा वर्षांनंतरचा आधार नाकारला जातो, ही विसंगती गंभीर आहे.

३) वय आणि अभ्यासक्रम यांचा मेळ : बारावीनंतर तीन वर्षांची पदवी घेणारा विद्यार्थी साधारणतः एकविसाव्या वर्षी बाहेर पडतो. अभियांत्रिकी किंवा चार वर्षांच्या पदवीला बाविसावे, तर वैद्यकीय शिक्षणाला तेविसावे वर्ष उलटते. शाळाप्रवेश उशिरा झालेल्या मुलांचे गणित याहून बिघडते, आणि बालगृहातील अनेक मुलांचा शाळाप्रवेश उशिराच झालेला असतो. एकवीस ही मर्यादा शिक्षणाच्या कालावधीशी जुळणारी नाही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. कोविडमध्ये पालक गमावलेल्या बालकांसाठी २०२१ मध्ये केंद्राने 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन' ही योजना जाहीर केली. तीत बालक अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या नावे दहा लाख रुपयांचा निधी, त्यानंतर पाच वर्षे मासिक विद्यावेतन आणि तेविसाव्या वर्षी संपूर्ण रक्कम अशी रचना आहे. म्हणजे अठरा ते तेवीस हा आधाराचा काळ आहे, हे शासनाने तत्त्वतः मान्य केले आहे. याच्या तुलनेत अनुरक्षणाखालील दरमहा ४००० रुपये सलग तीन वर्षे मिळाले, तरी एकूण रक्कम १,४४,००० रुपये होते. पालक कोणत्या कारणाने हरपले, यावरून दोन निराधार युवकांच्या हक्कांत इतके अंतर असावे काय, याचा विचार होणे आवश्यक आहे.

४) दिव्यांग युवकांचा प्रश्न : अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांचे बालगृह चालविले. त्यांच्या कार्याची दखल २०२४ मध्ये पद्मश्री किताबाने घेतली गेली. अशा मुलांना अठरा वर्षांनंतर संस्थेबाहेर काढू नये, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करावा, ही मागणी त्यांनी अनेक वर्षे लावून धरली. याच बालगृहात वाढलेली एक अंध तरुणी २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अठरा वर्षांनंतरही आधार टिकला तर काय घडू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

५) माहितीचा अभाव : संस्था सोडताना जन्मदाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, बँक खाते यांपैकी एखादी गोष्ट राहून गेली, तर पुढील प्रत्येक अर्ज तिथेच अडतो. संस्थेत असताना ही कामे अधीक्षकाच्या पत्राने होतात. बाहेर पडल्यावर त्याच कामासाठी पालकांची कागदपत्रे मागितली जातात.

या संदर्भात इंग्लंडमधील व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील २०१७ च्या कायद्याने शासकीय संगोपनातून बाहेर पडलेल्या युवकांना पंचविसाव्या वर्षापर्यंत वैयक्तिक सल्लागाराचे सहाय्य उपलब्ध केले आणि कोणते सहाय्य मिळू शकते याची माहिती प्रसिद्ध करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. आपल्या नियम २५ मध्येही समुपदेशकाची तरतूद आहे. परंतु युवक ज्याला हक्काने विचारू शकेल अशी निश्चित व्यक्ती नेमली गेली, तरच तिला अर्थ प्राप्त होतो.

महाविद्यालयाची भूमिका

अठराव्या वर्षी हा युवक बालगृहाच्या नोंदवहीतून बाहेर पडतो आणि पुष्कळदा त्याच सुमारास महाविद्यालयाच्या नोंदवहीत येतो. तथापि अनुरक्षणाच्या चौकटीत महाविद्यालयाचा कोठेही ठळक उल्लेख नाही. नवीन निधी किंवा नवीन पद निर्माण न करताही महाविद्यालयांना पुढील गोष्टी करता येतील.

प्रवेश : 'पालक' या रकान्यात संस्थेच्या अधीक्षकाचे नाव स्वीकारावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची स्वतःची स्वाक्षरी जेथे पुरेशी आहे, तेथे पालकाच्या स्वाक्षरीचा आग्रह धरू नये. रॅगिंगविरोधी हमीपत्रासारख्या बाबतीत पालक नसल्यास कोणाची स्वाक्षरी चालेल, हे कार्यालयाने आधीच ठरवून ठेवावे. विद्यार्थ्याला खिडकीसमोर उभे राहून आपली कहाणी सांगावी लागू नये.

वसतिगृह : दिवाळी व उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहे आणि खानावळी बंद होतात. ज्याला परतण्यासाठी गावच नाही, त्याच्यासाठी ही सुटी संकट ठरते. सुटीच्या काळात एक-दोन खोल्या खुल्या ठेवणे आणि भोजनाची सोय करणे कोणत्याही वसतिगृहाला अशक्य नाही.

अर्थार्जन : कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून रुजलेली 'कमवा व शिका' योजना अनेक विद्यापीठांत चालू आहे. तीत या विद्यार्थ्यांना प्राधान्य द्यावे. मात्र कामाचे तास अभ्यासाच्या वेळेवर आक्रमण करणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

संपर्क : विद्यार्थी विकास विभागातील एका प्राध्यापकाने जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि परिसरातील बालगृहे यांच्याशी कायम संपर्क ठेवावा. संस्था सोडण्यापूर्वी दोन महिने जो आराखडा होतो, तो होत असतानाच महाविद्यालयाचा सहभाग असेल, तर प्रवेश, शिष्यवृत्ती व निवास यांची सांगड वेळेत घालता येईल. संस्था सोडल्यावर विद्यार्थी गैरहजर राहू लागला, तर ती बाब केवळ हजेरीपटावर नोंदवून न थांबता कक्षाला कळवावी.

गोपनीयता : बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. अठरा वर्षांनंतरही या तत्त्वाचा मान राखणे उचित ठरेल. मदतीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून 'अनाथ विद्यार्थी' असा परिचय करून देणे, हे सद्हेतूने केले तरी त्या विद्यार्थ्याच्या आत्मसन्मानास इजा करणारे असते.

निष्कर्ष

१) अनुरक्षणाची कायदेशीर चौकट अस्तित्वात आहे, परंतु तिचे स्वरूप ऐच्छिक असल्याने तिला हक्काचे बळ नाही.
२) प्रतिपालकत्व व बालसंगोपन योजनेतून बाहेर पडणाऱ्या युवकांचा अनुरक्षणात समावेश करण्यासाठी व्याख्येत दुरुस्ती आवश्यक आहे.
३) शिक्षण चालू असेपर्यंत, किमान तेविसाव्या वर्षापर्यंत सहाय्य हा अपवाद न राहता नियम व्हावा.
४) दिव्यांग युवकांच्या बाबतीत वयाची अट स्वतंत्रपणे तपासली जावी.
५) महाविद्यालय हा अनुरक्षण व्यवस्थेचा अधिकृत घटक मानला जावा.

समारोप

अठरा वर्षे शासनाने व समाजाने एखाद्या बालकाच्या अन्न, वस्त्र व शिक्षणावर खर्च करावा आणि ते शिक्षण फलद्रूप होण्याच्या उंबरठ्यावर हात काढून घ्यावा, यात ना करुणा आहे ना काटकसर. धोरणातील बदलांना वेळ लागेल. तोपर्यंत दरवर्षी जून-जुलैमध्ये असे विद्यार्थी महाविद्यालयांत येतच राहतील आणि त्यांपैकी काही पहिल्या सत्रानंतर दिसेनासे होतील. ते का दिसेनासे झाले, याची चौकशी करणारा एक प्राध्यापक प्रत्येक महाविद्यालयात असणे, ही या दिशेने टाकता येण्याजोगी पहिली पायरी होय.