डोक्यातला किडा

‘काय किडा शिरलाय त्याच्या डोक्यात, कोण जाणे!’ असे आपण सहज बोलून जातो. वर्गात वाक्प्रचार शिकविताना मीही हे वाक्य कित्येकदा फळ्यावर लिहिले आहे. पण वाचकहो, एके काळी युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत असे हजारो रोगी होते, की ज्यांच्या डोक्यात खरोखरच किडा शिरलेला होता!

नेकीने संसार करणारा चाळिशीचा गृहस्थ एकाएकी पैसा उधळू लागे. ‘मी सम्राट आहे, माझ्यापाशी कोट्यवधींची दौलत आहे,’ असे सांगत सुटे. मग जीभ अडखळे, स्मरण जाई, हातपाय लुळे पडत आणि काही वर्षांत सारा खेळ आटोपे. १८२२ साली पॅरिसमध्ये आंत्वान बेल या तरुण डॉक्टरने अशा रोग्यांची प्रेते तपासून सांगितले, की यांच्या मेंदूच्या आवरणांना सूज आहे. हा देहाचा आजार आहे. पुष्कळांना ते पटले नाही.

पुढे १९१३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह असे ७० मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांपैकी काही मेंदूंत मळसूत्रासारखे पीळदार जंतू सापडले. ते होते उपदंशाचे. ज्या गरमीच्या रोगाचे नावही आपण घरात काढीत नाही, त्याचे! अंगावरची लक्षणे केव्हाच मावळलेली असत. जंतू मात्र दहा-वीस वर्षे दबा धरून बसलेले असत.

व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग यांनी १९१७ साली काट्याने काटा काढला. हिवतापाच्या रोग्याचे रक्त टोचून त्यांनी या वेड्यांना मुद्दाम ताप आणला आणि मग क्विनीन देऊन तो उतरविला. या उपचाराने काही दगावले, पण काही भानावर येऊन घरी परतले. १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे पेनिसिलीन आले आणि हा अघोरी उपाय मागे पडला.

तो रोग आता विरळा झाला. धडा मात्र जुना झालेला नाही. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणाला लागले, तर मूल आधी नुसते चिडचिडे आणि मलूल दिसते. हर्पीसचा विषाणू मेंदूत शिरला, तर धडधाकट माणूस दोन-चार दिवसांत असंबद्ध बरळू लागतो. त्यावर असिक्लोव्हीर हे औषध आहे, पण ते वेळेवर मिळायला हवे. इकडे घरात कुणी अंगारे-धुपारे करतो, कुणी ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून समजूत घालीत बसतो आणि मोलाचे दिवस हातचे जातात.

प्रत्येक मनोविकारामागे जंतू असतो, असे मुळीच नव्हे. पण घरातले माणूस एकाएकी पालटले आणि जोडीला ताप, डोकेदुखी, झटके किंवा गुंगी असेल, तर आधी इस्पितळ गाठावे. तिथे पाठीच्या कण्यातले पाणी तपासले, की पुष्कळदा खरा चोर सापडतो.

तेव्हा स्वतःच्या कपाळाला हात लावण्यापूर्वी त्याच्या कपाळाला हात लावून पाहा!