टी.व्ही.वाले बांधावर येण्याआधी

सभासद बंधु-भगिनींनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाच्या खोडव्याला हुमणी लागली. एका वृत्तवाहिनीचा बातमीदार कॅमेरामनला घेऊन आला, तेव्हा दिवस कलला होता. आम्ही त्यांना मानाने गट ऑफिसात बसवले, चहा पाजला आणि टेबलामागून वीस मिनिटे माहिती सांगितली. रात्री बातमी लागली ती जेमतेम मिनिटभर. आमचे त्यात एकच वाक्य, आणि पडद्यावर ऊस दिसला तो कुठला तरी दुसराच, हिरवागार! दुसऱ्या दिवशी पारावर एकजण म्हणाला, "साहेब, ऊस तर झकास दिसत होता की! मग नुकसान कसलं?" ज्याचे रान गेले तो सभासद शेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली.

दोष बातमीदाराचा नव्हता. त्याला दाखवण्याजोगे आम्ही काही दिलेच नव्हते. म्हणून झालेल्या चुकीतून जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेती घराघरांत पोचवली. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. हे डोळ्यांचे माध्यम आहे. बोललेले कानाआड होते, पाहिलेले ध्यानात राहते. बातमीत आपले बोलणे दहा-वीस सेकंद लागते. बाकीचा वेळ चित्रांनी भरतात. ती आपण दिली नाहीत तर ते त्यांच्याकडची जुनी लावणार.

चित्रेही हंगामातच मिळतात

हुमणीची पिढी वर्षाला एक. वळवाचे व मृगाचे पाऊस झाले की भुंगेरे जमिनीतून निघतात आणि संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात. अळ्या मुळे खातात ते पुढे पावसाळ्यात, आणि ऊस पिवळा पडून वाळलेला दिसतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात. बातमीदार आला सप्टेंबरात, तर त्याला भुंगेरे कुठून दाखवणार? तेव्हा मे-जूनमध्ये झाडावरचे भुंगेरे व प्रकाश सापळ्याखालचा ढीग, पावसाळ्यात मुळाशी मुडपून पडलेली पांढरी अळी, आणि तोडणीला वजनाची पावती, असे ज्या त्या वेळी टिपून ठेवावे. नाहीतर बैल गेला नि झोपा केला, अशी गत होते.

प्रमाण दिसू द्या

नुसत्या अळीच्या फोटोवरून ती गव्हाएवढी की बोटाएवढी हे कळत नाही. शेजारी काडेपेटी किंवा फूटपट्टी ठेवा. एक निरोगी बेट व एक लागलेले बेट मुळासकट उपटून शेजारी-शेजारी धरा. लागलेले बेट हलक्या ओढीने हातात येते. ते उपटतानाच चित्रण करा, चार वाक्यांचे काम होते.

नुकसानीचा आकडाही मोजून घ्या. "सगळं गेलं" म्हटले तर कोणी मानत नाही. चार फुटी सरीत २७ फूट लांबीची ओळ म्हणजे सुमारे गुंठ्याचा दहावा हिस्सा. अशा चार-पाच ठिकाणच्या ओळी मोजून एकूण बेटे किती व वाळलेली किती ते लिहा. फिक्या रंगाच्या जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात दोन-तीनच आकडे काढा. गिचमिड तक्ता पडद्यावर वाचता येत नाही.

मोबाईल आडवा धरा

टी.व्ही.चा पडदा आडवा, म्हणून चित्रणही आडवेच हवे. ऊन आपल्या पाठीशी ठेवा. हात न हलवता दहा-पंधरा सेकंद एकच दृश्य घ्या. आधी सगळे रान, मग सरी, मग बेट, मग मूळ. वर गाणे चढवू नका. व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की चित्राचा कस उतरतो. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. सोबत तारीख, गट नंबर व उसाची जात लिहून द्यावी.

प्रत्यक्ष मुलाखतीला

पाहुण्यांना ऑफिसात न बसवता थेट बांधावर न्या, तेही शक्यतो सकाळी. आधी त्या रानात जाऊन जागा बघून ठेवा. वाऱ्यात पाचटाची सळसळ बोलणे गिळते, म्हणून आडोशाला उभे राहा. जवळची मोटार बंद करा. हातात बेट असू द्या, आणि जे बोलाल ते दाखवत बोला. बोलण्याचा मान ज्याचे रान आहे त्याला द्या. आम्ही शेजारी उभे राहू.

एक पथ्य मात्र कडक पाळायचे. दुसऱ्याच्या रानातल्या अळ्या आणून टाकायच्या नाहीत, गेल्या वर्षीचा फोटो यंदाचा म्हणून द्यायचा नाही. एक खोटे चित्र उघडे पडले की शंभर खऱ्या सभासदांवरचा विश्वास उडतो. आणि मालकाला विचारल्याशिवाय कोणाच्या रानाचे चित्रण देऊ नये.

यंदा गट ऑफिसात आम्ही यासाठी वेगळी वही घातली आहे. आपली चित्रे तारखेनिशी आणून द्यावीत, नोंद आम्ही करू. पुन्हा कॅमेरा आला तर आपल्या सभासदाला मान खाली घालावी लागू नये, एवढीच इच्छा.

कळावे,
ऊस विकास अधिकारी