उणे दोन अंशांच्या पाण्यात ३७ अंशांचं शरीर

अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डोच्या समुद्रात पाण्याचं तापमान उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं. खारं नसतं तर ते केव्हाच गोठलं असतं. त्याच पाण्यात ४०० किलोचा वेडेल सील राहतो आणि त्याच्या अंगात ३७ अंशांची ऊब असते, तुमच्या-माझ्याइतकीच. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. तरीही आत-बाहेरचा ३९ अंशांचा फरक कातडीखालचा काही सेंटिमीटरांचा चरबीचा थर पेलतो. चपट्या पायांवर मात्र चरबी नसते. तिथे गरम रक्त नेणाऱ्या धमन्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या शिरा एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे बरीचशी उष्णता टोकाला पोचायच्या आतच अंगात माघारी वळते.

थंडीचं हे झालं, आता खोली पाहा. हा सील ६०० मीटर खाली जातो. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोहून जास्त भार असतो. एका दमात ८० मिनिटांहून अधिक काळ पाण्याखाली राहिल्याच्या नोंदी आहेत. आणि बुडी मारताना तो श्वास भरून घेत नाही, उलट सोडतो! त्याच्या प्राणवायूच्या साठ्यातला जेमतेम ५ टक्के फुप्फुसांत असतो. बाकीचा सगळा रक्तात आणि स्नायूंत. माणसाच्या अंगात ५ लिटर रक्त, याच्या अंगात सुमारे ६०. त्याची प्लीहा २० लिटरच्या आसपास तांबड्या पेशी साठवते आणि बुडीच्या वेळी रक्तात सोडते.

चरबीचा तो थर मात्र जन्मतः नसतो. सीलचं पिल्लू बर्फावर जन्मतं. वजन २५ ते ३० किलो, अंगावर दाट लव, चरबी जवळपास नाहीच. आपल्याकडे डेअरीत म्हशीच्या दुधाला ७ फॅट लागली तरी मालक खूश होतो. या आईच्या दुधाची फॅट ५० च्या वर जाते. पिल्लू दिवसाला सुमारे २ किलो वाढतं आणि सहा-सात आठवड्यांत १०० किलोच्या घरात पोचतं. आई मात्र वजनाचा तिसरा हिस्सा तरी गमावते. पिल्लाच्या अंगावर चढलेली चरबी आईच्या अंगावरून उतरलेली असते.

बुडी मारण्याचं एवढं सामर्थ्य असूनही मोठ्या सीलला श्वासासाठी वर यावंच लागतं, आणि वर असतो जाड बर्फ. त्यातलं भोक गोठू नये म्हणून सील सुळ्यांनी आणि पुढच्या दातांनी ते सतत खरवडत राहतो. दात झिजले की भोक राखता येत नाही, आणि तिथेच त्याचं आयुष्य संपतं.