डॉक्टरांनो, जमीन शेवटी

"सर, वाढवणच्या आसपास एखादी जागा घेऊन ठेवू का?" डहाणूत नवी प्रॅक्टिस सुरू केलेले डॉक्टर मला हे हमखास विचारतात. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या बंदराची पायाभरणी झाल्यापासून तर फारच. त्याआधी हाच प्रश्न चिकूच्या वाडीबद्दल असायचा. मी फिजिशियन आहे, सकाळी डहाणूत आणि संध्याकाळी तलासरीत बसतो, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: जमीन शेवटी.

डॉक्टरची कमाई उशिरा सुरू होते, हे आधी लक्षात घ्या. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग एमडीची तीन. मध्ये प्रवेश परीक्षांची तयारी आणि बंधपत्राची सेवा. हातात चार पैसे उरू लागतात ते तिशी उलटल्यावर, कित्येकांचे तर पस्तिशीला. आपल्याच वर्गातला, पंचविशीत नोकरीला लागलेला मित्र दरमहा १० हजार गुंतवत गेला आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर साठीला त्याच्याकडे सुमारे ३ कोटी ८० लाख जमतात. तुम्ही तेच पस्तिशीत सुरू केलंत तर १ कोटी ३३ लाख. त्याला गाठायचं तर तुम्हाला दरमहा साडेअठ्ठावीस हजार बाजूला काढावे लागतील. दहा वर्षांची ही तूट भरून काढायची घाईच डॉक्टरला चुकीच्या सौद्यात ओढते.

त्यात आमच्याकडची मिळकत ऋतूंवर चालते. पावसाळ्यात ताप, मलेरिया, सर्पदंश; ओपीडीत बसायला जागा नसते. दिवाळी झाली की आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला निघून जातात, पाडे अर्धे रिकामे होतात, तशी आमची बाकडीही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा झाई आणि धाकटी डहाणूचे पेशंट उधारीवर औषधं नेतात आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी समुद्रात गेल्या की आठवणीने पैसे आणून देतात. ही उधारी मला कधी जड वाटली नाही. पण ती पेलायची तर सहा महिन्यांचा घरखर्च आणि दवाखान्याचा खर्च बँकेत वेगळा असायला हवा. ही माझ्या लेखी पहिली गुंतवणूक.

ती नसेल तर काय होतं, ते मशीनच्या कर्जात दिसतं. ४० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची मुदत: हप्ता महिन्याला ६६ हजारांच्या वर. पेशंट कमी असलेल्या महिन्यातही तो चुकत नाही. मग ज्याला तपासणीची गरज नाही त्यालाही ती लिहून देण्याचा मोह होतो, आणि उंबरगाव-वापीच्या कारखान्यात रोजावर जाणारा माणूस आपल्या मजुरीतून डॉक्टरचा हप्ता भरतो. डॉक्टरने पैशाचा नीट विचार करायचा तो मुख्यतः यासाठी. मशीन घ्यावं, पण मंदीतल्या महिन्याच्या जमेवर हप्ता झेपत असेल तरच.

सगळी मिळकत आपल्या दोन हातांवर, म्हणून निव्वळ मुदत विमा आणि आरोग्य विमा लवकर घ्यावा. पैसे परत देणाऱ्या पॉलिसी नातेवाईक एजंटने कितीही गळ घातली तरी नकोत. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला, तेव्हा व्यावसायिक दायित्वाचा विमाही हवा. सगळी ठेव एकाच बँकेत ठेवू नये: सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते. ठेवींना विम्याचं संरक्षण आज ५ लाखांपर्यंतच आहे. पंधरा वर्षांचं पीपीएफ आणि स्वस्त इंडेक्स फंड, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

आता जमीन. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही त्यांना शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय देता येत नाही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर कूळकायद्याची अट वेगळी. शिवाय जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. इथल्या फळबागेचा उद्या प्लॉट करू म्हटलं तर सहजी होत नाही. दलाल यातलं काही सांगत नाही. "साहेब, तुमच्याच ओळखीतल्या आदिवासीच्या नावावर ठेवू," एवढंच तो सांगतो. हा बेनामी व्यवहार आहे. त्यात पैसा बुडू शकतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

मला त्याहून मोठी गोष्ट वेगळी वाटते. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरीत गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर हजारो वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. सावकार आणि जमीनदारांनी गिळलेल्या जमिनींचा तो इतिहास आहे, आणि ३६अ त्याच अनुभवातून आलं. ज्यांच्या आजोबांची जमीन गेली ते आज आपल्या बाकड्यावर बसतात, विश्वासाने नाडी दाखवतात. त्यांच्या सातबाऱ्यावर डॉक्टरने नजर ठेवू नये.

स्थावर हवंच असेल तर डहाणू रोड स्टेशनजवळ बिनशेती जागेवरचा, कागद स्वच्छ असलेला दवाखान्याचा गाळा बघा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या, फेरफार स्वतः वाचा, आणि हप्ता मात्र जानेवारीतल्या ओपीडीवर मोजा.