सांगलीची नणंद

आमच्या वाड्यातल्या वहिनी महिन्यातून एकदा सकाळची सांगलीची एस.टी. गाठीत. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी. कोणी विचारलेच तर, ‘नणंदेकडं जाऊन येतो जरा,’ एवढेच उत्तर. संध्याकाळी परतताना वाड्यातल्या पोरांसाठी भडंगाची पुडी ठरलेली. हा क्रम वर्षानुवर्षे चालला होता आणि आम्हा सर्वांस त्या नणंद-भावजयीच्या प्रेमाचे मोठे कौतुक वाटे. जात्यावरच्या ओव्यांतली नणंद कशी असते ते वाचकांस ठाऊक आहेच!

सांगलीस वहिनींची कोणी नणंद नाही, हे मला फार उशिरा कळले. त्या जात होत्या तेथल्या सरकारी इस्पितळात, एच.आय.व्ही.च्या गोळ्या आणावयास. पुढे आमच्या कोल्हापुरातही, थोरल्या दवाखान्यात, त्याच गोळ्या फुकट मिळू लागल्या. पण तेथे रांगेत ओळखीचे कोणी भेटले तर? त्या धास्तीपोटी पन्नास किलोमीटरवरची ही नणंद जन्मास आली. हे सारे लिहिण्यास वहिनींनी मला परवानगी दिली आहे. नाव घालायचे नाही, एवढीच अट.

त्यांचे यजमान ट्रकवर ड्रायव्हर होते. शाहूपुरीतून गुळाच्या ढेपा भरून गुजरातेत जायचे, तिकडून येताना मिळेल तो माल आणायचा. मोठा दिलदार आणि बोलका माणूस. २००० साली त्यांस बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले आणि रक्ततपासणीत रोग निघाला. एका खाजगी दवाखान्याने खाट रिकामी असताना ‘जागा नाही’ म्हणून सांगितले. पण दवाखान्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी कुठे आहे? मी तेव्हा नुकताच एम.ए. झालो होतो. स्पर्शाने किंवा उष्ट्यानेही हा रोग जडत नाही, हे मी वाचलेले होते. तरीही आमच्या घरात त्यांच्यासाठी एक वेगळी कपबशी फळीच्या टोकाला ठेवलेली असे आणि मी त्याबद्दल आईशी एका शब्दाने बोललो नाही. त्यांना ते समजत होते. पुढे पुढे ते चहाला ‘नको’ म्हणू लागले.

गोळ्या होत्या. मुंबईच्या कंपनीने केलेल्या, पुण्यामुंबईच्या दुकानांत मिळणाऱ्या. परंतु महिन्याच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग त्यांतच जाई. चार महिने घेतल्या, मग दोन महिने बंद, मग वहिनींच्या पाटल्या मोडून पुन्हा सुरू. या औषधांत अशी धरसोड चालत नाही. मधल्या काळात विषाणू औषधाला सरावतो आणि तेच औषध पुढे निकामी ठरते. २००२ च्या पावसाळ्यात ते गेले. वहिनींच्या रक्तातही तोच रोग होता आणि मुलगा चार वर्षांचा होता. सुदैवाने तो निरोगी निघाला.

औषध असणे आणि औषध हाती पडणे यांत केवढे अंतर असते, ते मी त्या वाड्यात पाहिले. हे अंतर कोण ठरवतो, याचा पुढे थोडाफार शोध घेतला; तो वाचकांपुढे ठेवतो. भाषेच्या मास्तराने औषधांच्या गोष्टी सांगाव्यात याचे हसू आले तर येऊ द्या.

एच.आय.व्ही.वर तीन औषधे एकत्र दिली तर माणूस जगतो, हे १९९६ साली जगापुढे आले. त्या वेळी पाश्चात्य देशांत या उपचाराला माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. गोळी करावयास एवढा खर्च येत नव्हता. ही किंमत होती पेटंटाची, म्हणजे मक्त्याची. संशोधनाला पैसा लागतो, तो कंपन्यांना परत मिळावयास नको काय, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न रास्त आहे. मात्र या रोगावरचे पहिले औषध, ए.झेड.टी., हे मुळात १९६४ साली अमेरिकेत सरकारी पैशाच्या आधाराने कर्करोगासाठी तयार झाले होते आणि निरुपयोगी म्हणून पडून राहिले होते. पुढे त्याचा मक्ता एका कंपनीकडे गेला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्याकडे मात्र वेगळा कायदा होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सरकारला एक अहवाल दिला. त्याच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून तो अमलात आला. या कायद्याने औषधावर मक्ता ठेवला नाही, ते करण्याच्या रीतीवर तेवढा ठेवला. दिवाळीच्या दिवसांत हे समजावणे सोपे आहे. एखाद्या बाईने जगात प्रथम अनारसे केले असे समजा. एक कायदा म्हणेल, आता इतकी वर्षे दुसऱ्या कोणी अनारसे करायचेच नाहीत. दुसरा म्हणेल, तुमची कृती तुमची. पण शेजारणीला निराळ्या रीतीने तसाच अनारसा साधत असेल, तर तिने खुशाल करावा. (माझ्या पत्नीस हे पाच मिनिटांत पटले. मला कायद्याचे पुस्तक वाचून आठ दिवस लागले होते.)

त्या ‘शेजारणीच्या’ अनारशांवर आपला औषधधंदा उभा राहिला. १९३५ साली डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत सिप्ला ही कंपनी काढली होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षे काढून हैदराबादेस गेलेले डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी ए.झेड.टी. करण्याची स्वतंत्र रीत बसवली आणि १९९३ साली सिप्लाने ते औषध परदेशी किमतीच्या अंशाने बाजारात आणले. मग फेब्रुवारी २००१ मध्ये हमीदांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद यांनी जगाला चकित केले. तिन्ही औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देतो, असे त्यांनी डॉक्टरांच्या एका आंतरराष्ट्रीय सेवाभावी संस्थेस सांगितले. दिवसाला एक डॉलरही नाही! त्याच वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर खटला भरलेल्या ३९ औषध कंपन्यांना तो मुकाट्याने मागे घ्यावा लागला. पुढे २००३ ते २००८ या काळातल्या खरेदीच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले, की गरीब आणि मध्यम देशांसाठी घेतलेल्या या औषधांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माल भारतीय कंपन्यांचा होता.

हे वाचताना ऊर भरून येतो. पण मला लगेच शेजारच्या पाटल्या आठवतात. दिवसाला डॉलर म्हणजे तेव्हाचे सेहेचाळीस-सत्तेचाळीस रुपये, आणि तेवढेही देणे आमच्या ट्रकवाल्यास झेपले नसते. खुद्द भारत सरकारने औषधे फुकट देण्यास आरंभ केला तो १ एप्रिल २००४ रोजी, सहा राज्यांत. महाराष्ट्र त्यांत होता. वहिनींच्या यजमानांना दोन वर्षे कमी पडली.

वहिनी २००६ च्या सुमारास सांगलीस जाऊ लागल्या. आज त्यांची तब्येत माझ्याहून बरी आहे.

या कहाणीत आपल्या माणसांचा वाटा केवढा, हे फारसे कोणी सांगत नाही. भारतात हा रोग प्रथम उघडकीस आणला तो १९८६ साली, मद्रासेत, डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. त्या माहेरच्या गायतोंडे; मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घराण्यातल्या. वडिलांच्या नावे त्यांनी तेथे एड्सच्या रुग्णांसाठी संस्था काढली. पुण्यासही या रोगाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. जोडप्यात एकालाच लागण असेल आणि त्याला औषध लवकर सुरू केले, तर जोडीदारास लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ साली सिद्ध झाले. नऊ देशांतली १७६३ जोडपी त्या अभ्यासात होती आणि मद्रासची व पुण्याची ही दोन्ही केंद्रे त्यात सामील होती. म्हणजे वेळेवर घेतलेली गोळी दोघांना राखते. २०१७ पासून तर आपल्याकडे रोग निघाला की लगेच औषध सुरू करतात, पूर्वीसारखी प्रकृती ढासळण्याची वाट पाहत नाहीत.

कायदा मात्र बदलला आहे. जागतिक व्यापाराच्या करारापायी २००५ पासून आपल्यालाही खुद्द औषधावर पेटंट द्यावे लागते. आधीची औषधे जुन्या कायद्यामुळे सुटली. नव्यांसाठी परदेशी कंपन्यांकडून परवाने मिळवावे लागतात, आणि असे परवाने जमवणारी एक संस्था २०१० पासून काम करीत आहे. शिवाय औषध स्वस्त झाले म्हणजे ते फळीवर असतेच असे नाही. जुलै २०२२ मध्ये काही ठिकाणी साठा संपला, तेव्हा रुग्णांनी दिल्लीस एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यालयापाशी ४२ दिवस ठाण मांडले. पंधरा दिवसांच्या गोळ्या हातावर ठेवून ‘पुन्हा या’ म्हटले तर रोजंदारी करणाऱ्याचा एक दिवस आणि गाडीभाडे दोन्ही जाते. आजवरच्या धोरणांच्या कागदांत हा एस.टी.चा खर्च कोणी मांडला आहे की नाही, कोण जाणे.

गेल्या महिन्यात मी वहिनींना सरळच विचारले, ‘आता थोरल्या दवाखान्यात का जात नाही? तिकीट वाचेल, दिवस वाचेल.’

‘आता कुणाला भीत न्हाई मी, भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘पर तिथल्या नर्सबाई वळखीच्या झाल्यात. वीस वर्सं झाली. गेलो न्हाई तर त्यास्नी चुकल्यागत हुतंय.’

त्यांचा मुलगा आता नोकरीस आहे. येत्या पाडव्याला त्या दोघांना आम्ही फराळाला बोलावले आहे. आईने ती जुनी कपबशी केव्हा टाकून दिली, ते मी तिला विचारले नाही, आणि तिनेही कधी सांगितले नाही.