एकतीस नोव्हेंबर

मूठ वळा आणि बोटांच्या उंचवट्यांवर महिने मोजा. नोव्हेंबर खळग्यात येतो, म्हणजे तीस दिवसांचा. शाळेत शिकलेली ही गोष्ट रॉकचिप कंपनीच्या आरके८०८ या चिपला मात्र माहीत नाही. तिच्याकडे ३० नोव्हेंबरनंतर ३१ नोव्हेंबर उजाडतो!

हसू येतं, पण मला ही चूक गंभीर वाटते. माझ्या पीएचडीचा डेटा ओढ्याच्या पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या लॉगरमधून येतो. तिथे नेटवर्क नाही. पाऊस कधी पडला आणि पाणी कधी चढलं, याचा एकमेव साक्षीदार म्हणजे बोर्डावरचं घड्याळ. माझ्या लॉगरमध्ये ही चिप नाही, पण साक्षीदारच खोटं बोलला तर काय करायचं, हा प्रश्न माझाही आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आरटीसी, म्हणजे रिअल-टाइम क्लॉक, हे मशीन बंद असतानाही चालणारं छोटं घड्याळ. त्यात सहसा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो. हा आकडा २ चा १५वा घात आहे, त्यामुळे पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. ठोके मोजून सेकंद, मिनिटं, दिवस, महिने बनतात. कोणत्या महिन्याचे दिवस किती, हा नियम सर्किटमध्येच असतो. तो चुकला की विकलेल्या प्रत्येक चिपमध्ये कायमचा चुकला. अपडेट पाठवून दुरुस्त होत नाही.

आता बिघाड कसा दिसतो बघा. खऱ्या १ डिसेंबरला चिप सांगते ३१ नोव्हेंबर. लिनक्स म्हणतं, अशी तारीखच नसते, आणि ती नाकारतं. निदान चूक कळते तरी! दुसऱ्या दिवशी चिप सांगते १ डिसेंबर. ही तारीख दिसायला अगदी बरोबर, पण एक दिवस मागे. पुढे वर्षभर कोणालाही शंका येणार नाही.

तुम्ही म्हणाल, मशीन चालू झालं की डिसेंबरमध्ये एक दिवस वाढवून टाकू. इथेच गोम आहे. समजा चिप ३ डिसेंबर दाखवतेय. ती ३१ नोव्हेंबर ओलांडून इथवर आली, की कोणी कालच तारीख नीट लावून दिली होती? मशीन बंद होतं, सांगणार कोण? दुरुस्ती आधीच झाली असेल तर आपण ती दुसऱ्यांदा करू.

लिनक्सच्या ड्रायव्हरने यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. चिपला सुधारायच्या भानगडीत पडायचंच नाही. तिचं एक वेगळं पंचांग आहे असं मानायचं आणि दोन्ही पंचांगांत भाषांतर करायचं. १ जानेवारी २०१६ रोजी दोन्ही पंचांगं जुळलेली होती, असं ठरवून टाकायचं. ही तारीख मनानेच ठरवलेली आहे, तिला दुसरा काही अर्थ नाही. मग २०१६ पासून चिपचे किती नोव्हेंबर उलटले ते मोजायचं आणि तितके दिवस मिळवायचे.

उदाहरण घेऊ. चिप सांगते १५ जून २०२४. २०१६ ते २०२३ असे आठ नोव्हेंबर उलटले, म्हणून खरी तारीख २३ जून. चिप सांगते १५ डिसेंबर २०२४. आता नऊ, म्हणून २४ डिसेंबर. वेळ लावताना उलटं, तितके दिवस वजा करून चिपमध्ये लिहायचे. अलार्मलाही हाच नियम.

यात कुठेही काही लक्षात ठेवावं लागत नाही. मशीन दोन दिवस बंद होतं की दोन वर्षं, फरक पडत नाही. उत्तर फक्त तारखेवरून निघतं.

वजाबाकीत एक खाच आहे. दिवस मागे नेताना ३१ नोव्हेंबर मध्ये आला, तर तो दिवसही हिशेबात धरावा लागतो. कोडमधली टीप सांगते की हे गणित २३८१ पर्यंत चालेल. का, ते बघा: २०१६ नंतर ३६५ वर्षांनी चिप ३६५ दिवस मागे पडलेली असेल! अर्थात चिपमध्ये वर्षाचे दोनच आकडे मावतात, त्यामुळे तिची अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होईल.

मात्र एक अट आहे. तीच चिप वाचणाऱ्या फर्मवेअरने किंवा इतर सॉफ्टवेअरनेही हाच नियम आणि हीच २०१६ ची तारीख वापरली पाहिजे. एकाने भाषांतर केलं आणि दुसऱ्याने नाही, तर दोघांच्या तारखा जुळणार नाहीत.

हे वाचल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. नवा बोर्ड हातात आला की घड्याळ प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी २३:५९:५० ला लावायचं आणि दहा सेकंद बघत बसायचं. बारा महिने, शिवाय लीप वर्षाचा फेब्रुवारी. चहा थंड व्हायच्या आत होतं. तुमच्याकडे असा लॉगर असेल तर तो रानात ठेवण्याआधी एवढं नक्की करा.