मडक्यातले विरजण

ताडाच्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, पाझरणारा रस गोड आणि जवळजवळ जंतुविरहित असतो. त्याची ताडी होते ती मुख्यतः मडक्यामुळे. एडवण, केळवे, माहीम या पालघरच्या किनाऱ्यावर ताड छेदणारा पोयीचे टोक रोज धारदार कोयत्याने अगदी पातळ छाटतो आणि खाली मडके बांधतो. मातीच्या मडक्याला आतून आदल्या ताडीचा साका चिकटलेला असतो. त्यातले यीस्ट नव्या रसावर लगेच तुटून पडते. वाऱ्याने, माश्यांच्या पायांनीही यीस्ट येतेच, पण साक्यातले संख्येने इतके भारी, की मडके उतरवेपर्यंत रस फेसाळलेला असतो. दह्याला विरजण लावावे तसाच हा प्रकार.

घरी बिअर करणारे हे विरजण वेगळ्या भांड्यात मुद्दाम वाढवतात. त्याला स्टार्टर म्हणतात. लिटरभर पाण्यात साधारण १०० ग्रॅम सुका माल्ट अर्क विरघळवून १०-१५ मिनिटे उकळायचा, झाकून गार करायचा आणि २०-२५ अंश सेल्सिअसला आल्यावर यीस्ट सोडायचे. झाकण सैल ठेवतात, म्हणजे वायू बाहेर पडतो; भांडे अधूनमधून हलवतात, म्हणजे हवा मिसळते. दारू तयार करणे हा इथे हेतूच नाही, पेशी वाढवायच्या असतात, आणि पेशीच्या आवरणाला लागणारी स्टेरॉल बनवायला यीस्टला ऑक्सिजन हवा असतो. दिवस-दोन दिवसांनी भांडे फ्रिजमध्ये ठेवले की साका तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून देऊन तो बिअरच्या पिंपात घालतात. एवढा खटाटोप कशासाठी? साठवणीतल्या द्रव यीस्टच्या पेशी मरत जातात. मूठभर पेशींवर सोडलेले पिंप उशिरा आंबते, आणि तेवढ्यात परके जंतू घर करतात. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, ताडीही काढता येत नाही.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सेन याने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले. ताडीच्या मडक्यात ही शुद्धता नाही. तिथे सॅकरोमायसीस यीस्टबरोबर झायमोमोनास आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणूही असतात. त्यांना भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ताडीची चव त्यांच्याही हातची आहे. सकाळची गोडसर ताडी दुपारी कडक होते. पुढे ॲसेटिक जिवाणूंचा जोर वाढला की तिचा शिरका होतो.

नीरा काढताना सगळे उलटे करावे लागते. मडके घासून धुवायचे आणि आतून चुना फासायचा. चुन्याने रस अल्कधर्मी राहतो, त्यामुळे यीस्ट मंदावते.

वसईच्या ख्रिस्ती घरांतले तळणीचे फुगे आणि गोव्यातल्या पोदेरांचा पाव पूर्वी ताडीतल्या यीस्टवरच फुगत. गोव्यात त्यासाठी माडाची सूर वापरत. पिठात घालायची ती फेस धरलेली ताजीच लागते. शिळी घातली तर पीठ नुसतेच आंबट होते.